कॉलरमधलं पत्र

घाटंजीच्या आमच्या वाचनालयात बोलायला बंदी होती, आणि ती बंदी सगळ्यात जास्त कोण मोडत असेल तर खुद्द ग्रंथपाल बाईंची मान. बाई स्वतः बोलायच्या नाहीत. पण त्यांनी डावीकडे पाहिलं की कुर्र, उजवीकडे पाहिलं की कुर्र. टेबलाशी पेपर वाचत बसलेली माणसं दचकून वर बघायची. बाई ओठांवर बोट ठेवून उलट त्यांनाच गप्प करायच्या, आणि तसं करताना मान जराशी खाली जायची, की पुन्हा कुर्र.

या बाई म्हणजे रत्नमाला तागडे. वाचनालयाच्या भिंतीला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भिंत वरून हातभर उघडीच राहिली आहे, त्यामुळे त्यांच्या पंख्याचा खडखडाट मला आणि माझ्या मशीनचा घरघराट त्यांना, असा आमचा चौदा वर्षांचा शेजार. मान वाजायला लागली ती शेवटच्या चार वर्षांत. त्याआधीची दहा वर्षं बाई दिसायच्याच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या साड्या नेसायच्या आणि पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या की कपाटात मिसळून जायच्या. एकदा एक वाचक त्यांच्या खांद्यावरून हात घालून त्यांच्याच मागचं पुस्तक काढायला निघाला होता.

लग्न केलं नव्हतं. भावाच्या दोन लेकरांचं शिक्षण केलं. साड्या भावजयीकडून दिवाळीला यायच्या, नाहीतर कुणाच्या लग्नात आहेर म्हणून. "मी अजून आपल्या मनानं एक रंग बी निवडला नाई, भाऊ," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, पण तक्रार म्हणून नाही. आज बस उशिरा आली म्हणावं तसं.

या बाईंचं जे पुढे झालं त्याची सुरुवात एका टेलरपासून झाली. हा टेलर वीस वर्षं त्यांचे ब्लाउज शिवायचा आणि वीस वर्षं बाही काखेत घट्ट करायचा. हात खांद्याच्या वर जायचा नाही. आता वाचनालयात सगळ्यात वरच्या फळीवर नाटकं होती. तिथवर बाईंचा हात पोचेना, स्टुलावर चढायची त्यांना भीती, आणि वाचकांना कपाटाला हात लावायची परवानगी नाही. त्यामुळे घाटंजीत वीस वर्षं कुणी नाटक वाचलं नाही. हे मी गमतीनं सांगत नाही. नोंदवही आहे.

एक दिवस बाईंनी टेलरला सांगितलं, "बाही ढिली कर. मले हात वर करा लागते."

तो म्हणाला, "या वयात हात वर कायले कराचा असते तुमाले?"

बाईंनी शिवलेले दोन्ही ब्लाउज त्याच्या टेबलावर ठेवले आणि घरी निघून आल्या. ते ब्लाउज आणायला परत गेल्या नाहीत.

त्याच महिन्यात पुण्याहून भाच्यानं स्वतःचा जुना मोबाइल पाठवला. बाईंनी पहिले पंधरा दिवस त्यावर स्वयंपाक पाहिला, मग म्हशी धुणारी माणसं पाहिली आणि मग त्यांना बर्फवाली सापडली.

बर्फवाली म्हणजे एक साठीची, अंगानं भरलेली, पांढऱ्या वेणीची परदेशी बाई. ती खिडकीपाशी बसून कपडे शिवायची आणि त्याच्या रील टाकायची. खिडकीबाहेर कायम बर्फ पडत असायचा. तिच्याजवळ टेप नव्हता. वीत घालून मोजायची, दातानं दोरा तोडायची, आणि शिवून झालं की तो कपडा अंगात घालून दोन्ही हात वर करायची. बास. एवढंच बघून बाई खुर्चीतून उठल्या होत्या. माझ्या दुकानात येऊन मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"पाहा. हात पाहा तिचे. कुठवरी गेले!"

ती कुठल्या देशाची, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मी रशिया म्हटलं. वाचनालयाचे सचिव गावंडे गुरुजी यांनी खिडकीची चौकट न्याहाळून फिनलंड ठरवलं. बाई म्हणाल्या, "तिनं ईचारलं काय आपल्याले आपलं गाव? मंग आपण कायले ईचाराचं?"

भाषा मात्र समजायला हवी होती. मजकुराखाली भाषांतराचं बटन असतं, ते मी दाखवलं, आणि त्या दिवसापासून मोबाइलमधून जे मराठी बाहेर पडायला लागलं, ते बाई वहीत उतरवून घ्यायला लागल्या. "बगलेला श्वास घेऊ द्या." "कापड रागावले असेल तर त्याला पाणी पाजा आणि झोपवा." "खिशाला घाई नसते."

पहिल्या वाक्याचा अर्थ बाहीच्या मुंढ्यात, म्हणजे काखेपाशी, सैल जागा सोडा, हे बाईंना लगेच कळलं. बाकीची त्यांनी शब्दशः घेतली. नवीन कापड भिजवून त्या चटईवर पसरायच्या, त्याच्यावर चादर घालायच्या, आणि शेजारीण हाका मारत आली तर दारातच हातानं थांबवायच्या. "हळू बोला. कापड निजलं हाये."

वाचनालयात फळ्यावर रोज एक सुविचार लिहायची पद्धत होती. एके सकाळी फळ्यावर आलं, "आजचा सुविचार : बगलेला श्वास घेऊ द्या." दोघातिघांनी तो वहीत लिहून घेतला. एका शाळामास्तरांनी तो दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलांना समजावूनही सांगितला म्हणे. काय समजावलं असेल, देव जाणे.

पहिल्या कपड्यात चूक माझी होती. बर्फवालीनं एका सदऱ्याच्या तुकड्यांचं चित्र दाखवलं होतं. बाईंनी व्हिडिओ तिथं थांबवला, मी त्याचा फोटो काढून छापला आणि मोठा केला. दुपारी त्या परत आल्या, मी कामात होतो, आणि मोठा केलेलाच कागद लहान समजून पुन्हा मोठा केला. संध्याकाळी तिसऱ्यांदा. बाईंनी ते सगळे तुकडे गोंदानं जोडले आणि घरच्या खिडकीचा हिरवा, पोपटांचा पडदा काढून त्यावर ठेवून कापला.

तो सदरा घालून बाई वाचनालयात आल्या तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि रस्ता भरलेला होता. आधी सदरा वळणावरून आला, मग बाई आल्या. बाह्या हातांपेक्षा वीतभर लांब. खांदे कोपरांवर. आणि आत इतकी जागा, की बाई कपाटाकडे वळल्या तरी सदरा वाचकांकडेच तोंड करून उभा राहायचा. बाईंनी आतल्या आत पूर्ण गिरकी घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, पोपट जागचे हलले नव्हते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "बाई, माझ्याकडून चूक झाली. फार मोठं झालं हे."

"मोठं कायचं?" बाई आतून म्हणाल्या. "जागा हाये."

आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. पोपट वर गेले. हात सरळ सगळ्यात वरच्या फळीला लागला आणि बाईंनी वीस वर्षांनी पहिलं नाटक खाली काढलं. त्याच्यावरची धूळ माझ्या दुकानापर्यंत आली.

बाईंच्या आग्रहावरून मी त्या सदऱ्याचा एक व्हिडिओ काढला. त्यात बाई पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या आहेत आणि काहीच बोलत नाहीत. मी म्हटलं, काहीतरी बोला. त्या म्हणाल्या, "वाचनालयात बोलाचं नसते." म्हणून तो पाऊण मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे नुसती शांतता, शेवटी हात वर, बास. तो त्यांनी बर्फवालीला पाठवला. आठ दिवसांनी बाई धावत आल्या. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांना बाजूला सारून मोबाइल काउंटरवर आपटला. बर्फवालीनं तोच सदरा शिवला होता. तसाच. खांदे कोपरांवर, बाह्या वीतभर लांब. खाली भाषांतर आलं, "भारताच्या ग्रंथपालिकेची थोर रुंदी." पुढच्या महिन्यात तिच्या आसपासच्या चार बायका तसले सदरे घालून बर्फात उभ्या राहिलेल्या दिसल्या. माझी तीन वेळा मोठी केलेली चूक त्या बायका अंगावर घेऊन फिरत होत्या आणि त्यांना तिच्यात अतिशय ऊब वाटत होती, असं त्या म्हणत होत्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रं छापली. माझं स्वतःचं काही परदेशात गेलं असेल तर एवढंच.

मग मात्र बाईंनी झेरॉक्सचा नाद सोडला. कागद जोडून जोडून हात गोंदाचे होतात, म्हणाल्या, त्यापेक्षा पेपर बरा, चांगला लांबरुंद असतो. आणि पेपर कुठे असतात? वाचनालयात. जुन्या वर्तमानपत्रांच्या वर्षवार फायली मागच्या खोलीत होत्या आणि त्या कुणी उघडत नव्हतं. बाई रोज दुपारी एक अंक काढायच्या, वाचायच्या आणि मग कैचीनं कापायच्या.

हे कुणाला कळलंही नसतं. पण एका वाचकाला एक जुना मृत्युलेख हवा होता. तो अंक उघडला तर मधोमध बाहीच्या आकाराचं भोक. आरडाओरडा झाला. गावंडे गुरुजी धावून आले.

गुरुजींबद्दल इथं सांगायला हवं. निवृत्त मुख्याध्यापक. बोलायचे ते छापल्यासारखं. पण रागावले की पुस्तकी मराठी सुटायची आणि आत दडलेलं वऱ्हाडी बाहेर यायचं. त्यामुळे ते खरे किती रागावलेत हे व्याकरणावरून कळायचं.

"बाई, सार्वजनिक मालमत्तेचे हे विद्रूपीकरण आपण केलेत?" म्हणजे अजून ठीक होतं.

बाई म्हणाल्या, "विद्रूप नाई गुरुजी. बाही हाये ते." आणि कपाटाचा खण उघडून बाहीचा कागद काढला, त्या भोकात अलगद बसवला आणि वाचकाला म्हणाल्या, "घ्या. वाचा."

मजकूर तंतोतंत जुळला. वाचकानं मृत्युलेख वाचला, डोळे पुसले आणि गेला.

"आन् हे असं चालनार हाये काय इथं?" गुरुजी ओरडले. म्हणजे आता ठीक नव्हतं.

"चालते ना. नोंद ठेवली हाये." बाईंनी वही पुढे केली. ग्रंथपालच त्या. प्रत्येक तुकड्याला नंबर दिलेला होता. डावी बाही, अमुक वर्षाचा, अमुक तारखेचा अंक. पाठ, वरचा भाग, दोन पानं. ज्याला जुनी बातमी वाचायची असेल त्यानं आधी बाही मागून घ्यायची, वाचून झाल्यावर बाही जमा करायची, मगच घरी जायचं. काही दिवस हे खरंच चाललं. "मले त्या पुराची बातमी पायजे होती," असं म्हणत माणूस यायचा आणि बाई विचारायच्या, "अख्खी पायजे का नुसती गळ्यापर्यंत?"

गुरुजींनी समितीपुढे विषय ठेवायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात यवतमाळहून तपासणी येणार असल्याचं पत्र आलं आणि सगळे झाडझूड करायला लागले. वाचनालयाचा दर्जा त्या तपासणीवर ठरणार होता. दर्जा गेला असता तर अनुदान गेलं असतं, आणि बाईंची नोकरीही. निवृत्तीला दोन वर्षं होती.

गुरुजींनी बाईंना बजावलं, "त्या दिवशी कृपया साडी. ते पोपट नकोत."

"साडी नेसतो ना," बाई म्हणाल्या.

साडी नेसूनच आल्या. पण ब्लाउज त्यांनी घरी शिवला होता आणि त्याला उभी, ताठ, हनुवटीला टेकणारी कॉलर होती. ती कशी झाली तेही सांगतो. बर्फवालीनं कॉलरच्या आत कडक कापड घालायला सांगितलं होतं. टेलर लोक त्याला बक्रम म्हणतात. मोबाइलनं त्याचं मराठी केलं, "मानेत कागदी ताठा भरा." बाईंनी कागद भरला. त्या दिवसापासून मान वाजत होती, आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तपासणीच्या सकाळी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तपासणीवाल्या मॅडम पन्नाशीच्या, थकलेल्या. जीपमधून उतरल्या, पाणी प्यायल्या, रजिस्टरं उघडली. खोलीत शांतता. कुर्र. मॅडमनी वर पाहिलं. पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. कुर्र.

"उंदीर आहेत का इथं?" मॅडमनी विचारलं. "पुस्तकांना धोका असतो."

"नाही, नाही," गुरुजी म्हणाले आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी ठेवणीतला विषय काढला. एकोणीस वर्षांपूर्वी गुरुजींचं एक पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं. बसस्थानकावरचं बंद घड्याळ सुरू करावं, अशी मागणी होती. पत्रानंतर घड्याळ आठ दिवस चाललं आणि परत बंद पडलं. गुरुजींच्या आयुष्यात छापून आलेलं तेवढंच. त्यांच्या घरची कात्रणवही पावसाच्या पाण्यात गेली होती, पण वाचनालयात अंक आहे, म्हणून ते निर्धास्त होते. "आमच्या संग्रहाची समृद्धी आपण स्वतः पाहावी," असं म्हणून त्यांनी तारीख सांगितली. मी मदतीला थांबलो होतो, मीच मागच्या खोलीतून फाइल आणून दिली.

गुरुजींनी मोठ्या सन्मानानं पान उलटलं. वाचकांच्या पत्रांच्या जागी एक लांबट, कमानीसारखं वळलेलं भोक होतं. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

गुरुजी काही बोलले नाहीत. व्याकरण नाही, वऱ्हाडी नाही, काहीच नाही. मी त्यांना त्याआधी कधी असं पाहिलं नव्हतं. त्यांचं बोट त्या भोकाच्या कडेवरून हळूहळू फिरत राहिलं.

बाई जागच्या उठल्या. कुर्र.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र माह्या मानेत हाये."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

पुढचं सगळं दिवसाढवळ्या, फळ्याखाली घडलं. बाईंनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. अंगावरची कॉलर स्वतःची स्वतःला उसवता येईना, आरसा नव्हता. मग मॅडम उठल्या. का उठल्या ते त्यांनाच माहीत. म्हणाल्या, "हलू नका, मी धरते," आणि त्यांनी कॉलरचं एक टोक धरलं. बाई ब्लेड चालवायच्या, मॅडम टाके मोजायच्या. "हळू. इथं दुहेरी टीप आहे. कुणाकडून शिकलात?"

"बर्फवालीकडून."

"बरं," मॅडम म्हणाल्या, जणू ती त्यांच्या ओळखीचीच होती.

पत्र बाहेर आलं. मानेच्या आकाराला वळलेलं, खोबरेल तेलाचे डाग पडलेलं, कडेनं सुईची भोकं. गुरुजींनी ते तळहातावर घेतलं आणि वाचायला लागले, मोठ्यानं. मधे एका ओळीत तेलानं अक्षरं पुसली होती, तिथं ते न थांबता पाठ असलेलं म्हणून गेले. घड्याळ बंद असणे हे नागरिकांच्या वेळेचा अपमान आहे, असं ते वाक्य होतं. वाचून झाल्यावर ते बाईंकडे वळले.

"हे कापायच्या आधी तुमी वाचलं होतं काय?"

"मी वाचल्याबिगर काईच कापत नाई, गुरुजी," बाई म्हणाल्या. कॉलर एका बाजूनं लोंबत होती. "चांगलं होतं म्हनून तर मानेत ठेवलं. बाकीचं सारं बाहीत गेलं."

गुरुजींनी नाक शिंकरलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि तपासणीचा कागद पुढे ओढला. शेरा त्यांनी कडक लिहिला, त्यात काही सवलत नव्हती. वर्तमानपत्रं कापली गेली आहेत, ती एका महिन्यात पूर्ववत करावीत, अन्यथा दर्जा काढून घेण्यात येईल. जाताना जीपपाशी मात्र बाईंना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी विचारत होत्या आणि स्वतःच्या काखेकडे बोट दाखवत होत्या.

एका महिन्यात पूर्ववत. म्हणजे सगळे तुकडे परत. दीड वर्षात बाईंनी जे जे जमवलं होतं, प्रत्येक बाही, प्रत्येक गळा, एका पोलक्याचा साचा आणि ज्याला कुठलंच नाव नव्हतं त्या कपड्याचाही. शिवाय ज्या तुकड्यांचा ताठा करून कॉलरींत भरला होता, तेही. बाईंनी घरून पाच कॉलरी आणल्या आणि एकेक उसवली. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत, पण त्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहायला विसरल्या.

त्यांनी बर्फवालीला सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, त्याचं मराठी मोबाइलनं असं केलं : "कागद परत दे बहीण. माप आता तुझ्या हातात झोपले आहे. त्याला उठवू नकोस, ते चालत येईल." बाईंनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाल्या, "बरं म्हनते थे," आणि घरून शिलाई मशीन वाचनालयात आणून ठेवलं.

चिकटपट्टी वापरा, मी म्हटलं होतं. बाईंनी ऐकलं नाही. पट्टी पिवळी पडते, म्हणाल्या, टाका राहतो. मग महिनाभर त्या शांत वाचनालयात सकाळी दहापासून शिलाई मशीन चाललं. बाई वर्तमानपत्रं शिवत होत्या. वाचक कानात कापूस घालून यायचे. समोर गुरुजी बसायचे, तुकडा कुठल्या अंकाचा ते वहीत बघून हातात द्यायचे. "डावी बाही. जुलै." "द्या." खटखटखट. "पाठ, खालचा भाग. त्याच वर्षीचा ऑक्टोबर." "दुमडली हाये, सरळ करा." दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे ते खुणा करायला लागले होते. एका दुपारी गुरुजी उठून हातांनी मोठा घेर दाखवत होते, मला वाटलं भूकंप आला. ते घागऱ्याचा तुकडा मागत होते.

एकच चूक झाली. एका वर्षीच्या निवडणुकीच्या निकालाला दुसऱ्याच वर्षीच्या कापूस प्रदर्शनाचा तुकडा शिवला गेला. त्यामुळे त्या अंकात एक उमेदवार लांब धाग्याचा, किडीला दाद न देणारा असल्याचं छापलेलं आहे. गुरुजींनी ते उसवू दिलं नाही. "हे सत्य आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले.

मुदतीच्या आत फायली पूर्ण झाल्या. मॅडमचा माणूस आला, बघून गेला, दर्जा राहिला. शिवलेले अंक जरा फुगतात, फाइल मिटत नाही, पण वाचता येतात.

त्यानंतर बाई साच्याशिवाय शिवायला लागल्या. माणसाकडे बघायच्या, वीत हवेत धरायच्या, आणि कापायच्या. तो मोठा सदरा अपघात होता, पण आता जे यायचं ते मुद्दाम असायचं. एक पायघोळ वस्त्र होतं, त्याला सात बाह्या होत्या. जादा पाच कशासाठी, असं मी विचारलं. "पाहू. कधी कामी पडतीन." गुरुजींना त्यांनी एक शर्ट शिवून दिला. गुरुजींचा उजवा खांदा बरीच वर्षं खाली उतरलेला होता, ते शाल घेऊन तो झाकायचे, हे मला माहीत नव्हतं. नव्या शर्टात शाल लागत नव्हती. पण शर्टाला मागं एक खिसा होता आणि त्यात हात कसा घालायचा हे गुरुजींना कधीच उमगलं नाही. कधीकधी ते वाचनालयात येऊन पाठमोरे उभे राहायचे आणि बाई मुकाट्यानं त्यातून चष्मा काढून द्यायच्या.

एकदा बर्फवालीच्या खिडकीबाहेरचा बर्फ वितळला. हिरवं गवत दिसायला लागलं आणि कुणाचं तरी कुत्रं. बाई दिवसभर अस्वस्थ होत्या. "आता तिले काय म्हनाव?" असं त्यांनी मला चार वेळा विचारलं. शेवटी खूप विचार करून त्यांनी तिला नाव विचारलं. तिनं कळवलं. ते आम्हा कुणालाच उच्चारता येईना. बाई म्हणाल्या, "पुन्हा बर्फ पडेलच की."

निवृत्तीच्या दिवशी समितीनं बाईंना नारळ आणि साडी दिली. साडी पुठ्ठ्याच्या रंगाची. गुरुजींनी भाषण केलं, इतकं शुद्ध की कुणालाच ते खरं वाटलं नाही, आणि मग शेवटच्या वाक्याला घसरले. "बाई चालल्या. आता हे सारं कोन पाह्यन वो?" बाईंनी स्टेजवरच साडी उलगडली, तिची रुंदी वितीनं मोजली आणि मान हलवली.

"दोन निघतीन," त्या म्हणाल्या.

पुढे त्या भाचीकडे पुसदला राहायला गेल्या. माझं पुसदला कधीमधी जाणं होतं, पण भेट झाली ती एकदाच, गेल्या हिवाळ्यात. मी मशीनचा एक भाग आणायला गेलो होतो. बसस्थानकावर महागावची गाडी सुटायच्या बेतात उभी होती आणि तिच्या खिडकीत एक केशरी रंगाचा ढीग बसला होता. ढिगानं मला हाक मारली.

"भाऊ! ओ भाऊ!"

मी खिडकीपाशी गेलो. बाई बारीक झाल्या होत्या, पण कपड्यामुळे ते कळत नव्हतं. "महागावले चालली," त्या म्हणाल्या. "तिथच्या एका बाईचं आसन बिघडलं हाये. पायजम्याचं, दोन पाय जुळते तिथं." मग त्यांनी गुरुजींचं विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, शर्ट उलटा घालायला लागलेत, म्हणजे खिसा पुढे येतो. "असं कराले पायजे होतं पहिलेच," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर माझ्या शर्टावर गेली. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझी बाही धरली, खांद्यापाशी कापड उलटं केलं आणि आतली शिवण बघितली.

"हे कोनं शिवलं?"

"रेडिमेड आहे बाई."

"यात मायाच नाई ठेवली वो कोनी." शिवणीच्या आत जी जादा पट्टी सोडतात, तिला माया म्हणतात. ती बोटानं दाखवत त्या हळहळल्या. "पाहा बरं. नखाएवढी बी नाई. हे एका ओढीत जाईन."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. बाईंनी बाही सोडली नाही, त्यांना दुसरी बाजूही बघायची होती. मी गाडीबरोबर चालायला लागलो. "बाई, सोडा." "थांबा ना थोडंसं." गाडीनं वेग घेतला, मी पळायला लागलो, एका हातात मशीनचा भाग, दुसरा हात खिडकीत. एक टपरी गेली, शेंगदाणेवाला गेला, मग टर्र असा आवाज झाला आणि मी थांबलो. बाही गेली होती.

"सांगतलं होतं ना मी!" बाई खिडकीतून ओरडल्या. त्यांना अतिशय आनंद झाला होता. "जाऊ नका कुठं! मी येतो तीनच्या गाडीनं!"

आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघत होती. मी उघडा हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली आणि वळताना तिची ती बाजू पुन्हा एकदा समोर आली. बाईंनी माझी बाही मांडीवर पसरली होती. कुठूनतरी सुई काढली होती, ती उजेडाकडे धरली होती आणि एक डोळा मिटून, हलत्या गाडीत, तिच्यात दोरा ओवत होत्या.